कारखान्यातील महागडी हवा

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात पाऊल टाकले, की यंत्रांच्या घरघरीबरोबर आणखी एक आवाज सतत कानी पडतो : ‘फुस्स’! कुठे तरी एखादा सिलिंडर पुढे सरकून जॉब दाबून धरतो, काम झाले की मागे येतो आणि वापरलेली हवा बाहेर टाकतो. कामगारांच्या भाषेत ही नुसती ‘एअर’. वीज आणि पाण्याइतकीच ती कारखान्याला आवश्यक; पण विजेला आणि पाण्याला मीटर असतो, हवेला बहुतेक ठिकाणी नसतो. त्यामुळे ती जवळजवळ फुकट आहे, असा समज रूढ झाला. हे सिलिंडर काढून त्यांच्या जागी विजेच्या मोटारी बसवण्याचा जो विचार आज अनेक उद्योजक करीत आहेत, त्याच्या मुळाशी या समजाची झालेली फेरतपासणी आहे.

हवा फुकट असते, दाब नव्हे. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. कारखान्यातील कॉम्प्रेसर हेच काम सहा-सात बार दाबापर्यंत अहोरात्र करतो आणि त्याला दिलेली वीज मुख्यतः उष्णतेच्या रूपाने निघून जाते. पुढे नळ्यांमधील घर्षण, व्हॉल्व्ह आणि गळती. प्रत्यक्ष कामापर्यंत पोहोचते ती मूळ विजेच्या जेमतेम १० ते १५ टक्के.

यातील गळतीचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. सात बार दाबाच्या नळीला तीन मिलिमीटरचे एक छिद्र पडले, तर तेवढी हवा भरून काढण्यासाठी साधारण साडेतीन किलोवॉट वीज लागते. वर्षातील ३०० दिवस, तिन्ही पाळ्यांत हे चालले की २५ हजारांहून अधिक युनिट होतात. युनिटला आठ रुपये धरले, तर एका छिद्राचे बिल दोन लाख रुपये! देखभालीकडे दुर्लक्ष झालेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरची २० ते ३० टक्के हवा अशीच वाया जाते. ज्यांना पडताळा घ्यायचा असेल, त्यांनी गुरुवारच्या सुटीत, सर्व यंत्रे बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून पाहावा. हवा वापरणारे कोणी नसतानाही तो दर काही मिनिटांनी भार घेऊ लागला, तर ती गळतीच.

मग ही हवा उद्योगात रुजली कशी? आल्प्स पर्वतातील माँ सेनी बोगदा १८५७ ते १८७१ या काळात खोदला गेला, तेव्हा धूर ओकणारे वाफेचे इंजिन आत नेणे अशक्य होते. जर्मेन सोमेये या अभियंत्याने तेथे हवेवर चालणारी छिद्रयंत्रे वापरली; वापरलेल्या हवेने बोगद्यात वायुवीजनही झाले. तेव्हापासूनचे हवेचे गुण आजही कायम आहेत. सिलिंडर स्वस्त, हलका आणि सोशिक असतो. अडकला तरी जळत नाही. सील फाटले, तर कारखान्यातीलच माणूस अर्ध्या तासात बदलतो.

मोटारीची बाजू निराळी आहे. साधा सिलिंडर दोन टोकेच ओळखतो, पुढे किंवा मागे. सर्व्हो मोटार बॉल स्क्रूच्या साहाय्याने मधल्या कोणत्याही बिंदूवर, ठरवलेल्या वेगाने आणि बलाने थांबते. शिवाय आपण नेमके कुठे आहोत, हे एन्कोडरमार्फत कळवत राहते. वाहननिर्मितीत हवेवरच्या गनऐवजी विजेचे नटरनर आले, त्यामागे वीजबचतीपेक्षा हे कारण मोठे होते. कोणता नट किती आवळला, याची नोंद प्रत्येक गाडीगणिक राहते. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या बनवणाऱ्या यंत्रांतही तापलेले प्लॅस्टिक ताणणारा दांडा आता अनेकदा सर्व्हो मोटारीवर चालतो. बाटली फुगवण्यासाठी मात्र हवेला पर्याय नाही.

तरीही सरसकट बदल करणे शहाणपणाचे नव्हे. मोटार, तिचा ड्राइव्ह आणि नियंत्रण यांची किंमत सिलिंडरच्या अनेक पट होते. जॉब तासभर दाबून धरायचा असेल, तर गळती नसलेला सिलिंडर जवळपास काहीच हवा खात नाही. मोटारीला ब्रेक नसेल, तर तिला सतत प्रवाह घ्यावा लागतो. रंगकामाच्या खोलीत, जिथे एक ठिणगीही घातक, तिथे साध्या मोटारी चालत नाहीत. पुरवठ्याची चिंता वेगळीच. बहुतेक सर्व्हो मोटारींत दुर्मीळ मृदा धातूंचे चुंबक असतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा काही धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा त्याची झळ भारतातील वाहन उद्योगालाही बसली.

लघुउद्योजकाचा हिशेब चुकतो तो बहुधा आणखी एका ठिकाणी. निम्मी यंत्रे मोटारीवर नेली, म्हणजे कॉम्प्रेसरचे बिलही निम्मे होईल, असे त्याने गृहीत धरलेले असते. पण ठरावीक वेगाचा स्क्रू कॉम्प्रेसर भार नसताना नुसता फिरत राहिला, तरी पूर्ण भाराच्या पाव ते एक तृतीयांश वीज घेतो. नळ्यांचे जाळे तसेच राहते, त्यातील गळतीही. मग मोटारींचा हप्ता आणि कॉम्प्रेसरचे बिल, दोन्ही एकदम भरावे लागतात. म्हणून यंत्रांच्या दरपत्रकाआधी गळती बंद करून हवेची खरी गरज मोजली पाहिजे. दाब एक बारने कमी करता आला, तरी कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते आणि त्याला दमडीही लागत नाही. मोटारी बसवायच्याच असतील, तर एक अख्खी लाइन निवडावी, म्हणजे तिची हवेची नळी मुळातूनच बंद करता येते. शेवटी हवेवाचून अडणारी दोन-तीन यंत्रे उरली, तर त्यांच्याजवळच एक छोटा कॉम्प्रेसर ठेवावा आणि मोठा विकून टाकावा.