जुन्या गाडीला क्रूझ कंट्रोल : पैसा घालण्यापूर्वी

रत्नागिरीहून आरे-वारेच्या सागरी रस्त्याने गणपतीपुळ्याकडे मालाचा टेम्पो नेताना ड्रायव्हरचा पाय ब्रेक आणि क्लचवरच अधिक असतो. तोच टेम्पो मुंबई-गोवा महामार्गाला लागला, की ॲक्सिलरेटर दाबून पाय भरून येतो. म्हणून जुन्या गाडीला बाहेरून क्रूझ कंट्रोल बसवून घ्यावे, असे आपल्यापैकी काही व्यावसायिक बंधूंना वाटते. पैसा घालण्यापूर्वी या यंत्राचे काम समजून घेतलेले बरे.

अमेरिकेतील अंध अभियंते राल्फ टीटर यांना 1950 साली याचे पेटंट मिळाले आणि 1958 साली ते क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत आले. सेन्सर गाडीचा वेग मोजतो. कंट्रोल बॉक्स तो ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहतो आणि ॲक्सिलरेटरची केबल मोटर किंवा व्हॅक्यूमच्या जोरावर ओढतो वा सैल सोडतो. जुन्या डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे तिथे विजेच्या मोटरचा संच सोयीचा.

खरी मेख पुढे आहे. हे साधे यंत्र ब्रेक लावत नाही. आरे-वारेच्या उतारावर ते ॲक्सिलरेटर सोडून देईल, पण भरलेली गाडी वेग घेतच राहील. चढावर गिअर आपल्यालाच बदलावा लागेल. ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागले, तरी यंत्राला त्याची जाण नसते. म्हणून घाटात, वळणावर आणि पावसात ते बंदच ठेवावे. केवळ अशाच रस्त्यांवर धंदा असेल, तर आमच्या मते तोच पैसा ब्रेक आणि टायरवर घालावा.

लांब पल्ल्यासाठी बसवायचेच असेल, तर मिस्त्रीकडून तीन गोष्टी आपल्यासमोर तपासून घ्या. ब्रेकला पाय लागताच यंत्र सुटले पाहिजे. क्लच दाबतानाही सुटले पाहिजे, नाहीतर इंजिन मोकळेच भरधाव फिरेल. केबल कुठे अडकता कामा नये. ब्रेकचा स्विच जुना असल्यास आधी तो बदला. विमा कंपनीलाही विचारून ठेवा.

मालवाहू गाड्यांचा स्पीड गव्हर्नर ही वेगळी वस्तू आहे. तो कमाल वेगाला आळा घालतो. क्रूझ कंट्रोल ठरवलेला वेग टिकवते. एक असले म्हणून दुसरे काढता येत नाही.

शेवटी एवढेच, की पायाला आराम मिळाला म्हणून झोप टळत नाही. डोळा लागू लागला, तर गाडी बाजूला घ्यावी. माल तासभर उशिरा पोहोचला तरी चालेल.