विमानतळावरील ज्वरपरीक्षा आणि आपला उंबरठा

इ. स. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात देशातील पहिला बळी घेतला. त्याच सुमारास परदेशातून नुकताच परतलेला एक तरुण अंगदुखी घेऊन आमच्या चिकित्सालयात आला. विमानतळावरील तपासणीत तो निर्दोष ठरला होता. विमान उतरण्यापूर्वी ज्वरशामक गोळी घेतल्याचे त्याने आम्ही विचारल्यावरच सांगितले. त्यास आम्ही तत्काळ शासकीय तपासणी केंद्राकडे धाडले. पण आम्ही विचारलेच नसते तर? हा प्रश्न आजही आमची पाठ सोडत नाही.

थर्मल स्कॅनर त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता मोजतो. रोगजंतू त्यास दिसत नाहीत. 2003 च्या सार्स साथीत कॅनडाने सुमारे 65 लक्ष प्रवाशांची छाननी केली. त्यांतील सुमारे 9,100 जणांची अधिक तपासणी झाली. सार्सचा रुग्ण एकही आढळला नाही. सार्सचा अधिशयन काळ 2 ते 10 दिवसांचा, विमानप्रवास मात्र काही तासांचा! कोविडचे संक्रमण तर लक्षणे दिसण्यापूर्वीच होते, हे आपण 2020 पासून अनुभवले.

सुश्रुताचार्यांनी ज्वराची गणना औपसर्गिक रोगांत केली आहे. त्यांच्या षट्क्रियाकालाच्या भाषेत बोलायचे तर यंत्र केवळ पाचव्या, व्यक्तावस्थेतील संताप टिपते. त्याआधीच्या स्थानसंश्रयातील जृंभा, अंगमर्द, गौरव, अरुची ही पूर्वरूपे प्रश्नपरीक्षेनेच कळतात. अर्थात पूर्वरूपांवरून ज्वराची चाहूल लागते, विषाणूचे नाव कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी, हेही आपण नम्रतेने मान्य केले पाहिजे.

विमानतळावरील तपासणी अगदीच निरर्थक नव्हे. तेथे मिळालेल्या सूचनांमुळे प्रवासी सावध होतो आणि पुढे ज्वर आल्यास वैद्याकडे येतो. मात्र तो येतो तेव्हा आपण सावध असावयास हवे.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती, की प्रत्येक ज्वररुग्णास गेल्या तीन आठवड्यांतील प्रवास विचारावा व त्याची नोंद ठेवावी. इबोलाचा अधिशयन काळ 21 दिवसांपर्यंत असतो. औषधी दुकानदारांनीही त्रिभुवनकीर्तीची मात्रा काउंटरवर ठेवण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा आणि संशय येताच रुग्णास वैद्याकडे पाठवावे. विक्री एका पुडीची बुडेल. कदाचित एक घर वाचेल.