तीन खड्यांचा खांब

जुन्या व्हिडिओ गेमच्या गप्पांत टेट्रिसचं नाव हटकून निघतं. ‘कॉलम्स’ची आठवण काढणारा मात्र एखादाच. आणि निघालंच नाव, तर ‘सेगाचं टेट्रिस’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. मला ती मनाला लागते, कारण वरून पडणारे तुकडे सोडले तर या दोन खेळांत साम्य फारसं नाही.

तुलना होण्यामागे इतिहास आहे, हे खरं. १९८८ मध्ये सेगाने जपानमधल्या आर्केडसाठी टेट्रिस काढला. पुढे आपल्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलसाठीही त्याची आवृत्ती तयार केली. पण १९८९ मध्ये कन्सोलचे हक्क निन्टेन्डोने मिळवले आणि सेगाची आवृत्ती बाजारात येता येता थांबली. त्याच साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला. अमेरिकेत त्याच्या खोक्यातच टेट्रिसची कॅसेट मिळायची.

कॉलम्सचा जन्म या भांडणापासून दूर झाला. ह्यूलेट-पॅकार्डमधल्या जे गीर्टसन या प्रोग्रामरने १९८९ मध्ये तो युनिक्स संगणकांसाठी लिहिला. सेगाने हक्क घेतले आणि १९९० मध्ये तो आर्केडमध्ये, मग मेगा ड्राइव्हवर आला.

सहा रकाने, तेरा थर. वरून तीन खड्यांचा उभा खांब उतरतो. तो आडवा करता येत नाही. बटण दाबलं की फक्त खड्यांचा क्रम बदलतो. आडवे, उभे किंवा तिरके, एकाच रंगाचे तीन खडे जुळले की नाहीसे होतात.

सगळी गंमत त्या ‘तिरके’मध्ये आहे. समजा, डावीकडच्या रकान्यात तळाला पिवळा आणि त्यावर लाल आहे. शेजारच्या रकान्यात तळाला लाल, त्यावर पिवळा. तिसरा रकाना रिकामा. उतरणाऱ्या खांबात पिवळा, निळा, लाल असे तीन खडे आहेत. पिवळा वर, निळा मध्ये, लाल खाली असा क्रम लावून खांब तिसऱ्या रकान्यात सोडला, की तीन पिवळे जिन्याच्या पायऱ्यांसारखे जुळून जातात. डावीकडचा लाल एक थर खाली घसरतो आणि तळाला तीन लाल एका रांगेत येतात. तेही गेले! टेट्रिसमध्ये डोळा आडवी रांग शोधतो. इथे तो कर्णावर फिरायला शिकतो, आणि एकदा शिकला की पडद्यावर आधी न दिसलेल्या जागा दिसू लागतात. साखळीतलं पुढचं काही नशिबाचं असतं, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पहिल्या दोन कड्या आपण रचलेल्या असतात, आणि त्या रचताना लागणारं भान अस्सल असतं.

मेगा ड्राइव्हच्या आवृत्तीत तोकुहिको उवाबो यांचं संगीत आहे. घाई लावणाऱ्या खेळाला इतकी संथ, उदास चाल द्यायचं धाडस मला आजही थक्क करतं. मुख्य धुनेचं नाव क्लोथो. ग्रीक पुराणात आयुष्याचा धागा कातणारी देवी.

ऑक्टोबर १९९० मध्ये जपानात सेगाचा हातातला गेम गिअर आला आणि पहिल्या दिवसापासून कॉलम्स त्याच्या सोबत होता. इथे खेळ आणि यंत्र यांची जोडी नेमकी जमली. गेम बॉयच्या हिरवट पडद्यावर रंगच नव्हते, आणि कॉलम्स तर सारा रंगांवरच उभा. किंमत मात्र सेलच्या रूपाने मोजावी लागे: सहा पेन्सिल सेल, आणि तेही काही तासांतच बसायचे.

१९९३ मध्ये मेगा ड्राइव्हवर ‘कॉलम्स ३’ आला, त्यात भर चढाओढीवर होता. नंतरच्या आवृत्त्या मला तितक्या भिडल्या नाहीत. खेळाचं मूळ इतकं नेटकं होतं की वर चढवलेलं काहीही ओझं वाटायचं. आज लोकलमध्ये फोनवर रंगीत गोळ्या जुळवणाऱ्यांच्या बोटांत मला तीच तिनाची मोजणी दिसते.

२०१९ मध्ये सेगाने मेगा ड्राइव्हचं छोटं रूप पुन्हा बाजारात आणलं. त्याच्या यादीत कॉलम्स होताच, आणि त्याच्याच जोडीला, या वेळी रीतसर परवान्यासह, टेट्रिस.