स्वयंसेवी ई-मेल सेवा : स्वरूप, कार्यपद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना :
प्रवेश, परीक्षा, संशोधन आणि प्रशासन यांविषयीचा महाविद्यालयांचा बराचसा पत्रव्यवहार आज ई-मेलद्वारे होतो आणि तो बहुतांशी मोठ्या कंपन्यांच्या सेवांवर अवलंबून असतो. याला पर्याय म्हणून काही ठिकाणी तंत्रज्ञ एकत्र येऊन, नफ्याची अपेक्षा न ठेवता लहान ई-मेल सेवा चालवितात. अमेरिकेतील सिएटल येथे १९९९ मध्ये सुरू झालेली 'राइझअप' ही देणग्यांवर चालणारी सेवा याचे परिचित उदाहरण होय. प्रस्तुत लेखात अशा सेवेची कार्यपद्धती स्पष्ट करून, अकोल्यातील जठारपेठेसारख्या निवासी भागातून ती चालवावयाची झाल्यास कोणते प्रश्न उद्भवतील याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका :
विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तत्पूर्वी मुंबईत 'लाइव्ह वायर'सारखी बुलेटिन बोर्ड केंद्रे मॉडेम व दूरध्वनी यांच्या साहाय्याने चालत होती. अशी अनेक केंद्रे हौशी मंडळी घरच्या संगणकावरून चालवीत. दिवसभराची पत्रे साठवावयाची आणि रात्री एका केंद्राने दुसऱ्यास दूरध्वनी करून ती पुढे द्यावयाची, ही १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'फिडोनेट'ची पद्धत होती. १९९४ मध्ये बुलेटिन बोर्डांकडून वार्षिक किमान १५ लाख आणि ई-मेल सेवांकडून २५ लाख रुपये परवाना शुल्क घेण्याचे दूरसंचार विभागाचे धोरण वादग्रस्त ठरले. हौशी चालकास ही रक्कम झेपणे अशक्य होते. तेव्हाचा अडसर शुल्काचा होता. आजचा अडसर विश्वासार्हतेचा आहे.

कार्यपद्धती :
सेवेसाठी लागणारी साधने विनामूल्य मिळतात. लिनक्स प्रणालीवर 'पोस्टफिक्स' पत्रांची ने-आण करते, तर 'डव्हकॉट' वापरकर्त्यास त्याची पेटी उघडून देते. ने-आणीचे मूळ नियम १९८२ चे असून ते सहनशील आहेत. समोरचा सर्व्हर बंद आढळल्यास पाठविणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि साधारणत: चार-पाच दिवस पुन:पुन्हा प्रयत्न करतो. त्यामुळे काही तास वीज गेल्याने येणारी पत्रे सहसा हरवत नाहीत. मात्र तेवढा काळ पेटी उघडत नाही. ४५ अंशांच्या पुढे जाणारा वऱ्हाडातील उन्हाळा घरातील यंत्रसामग्रीच्या दृष्टीने अधिक चिंतेचा ठरतो.

विश्वासार्हतेचा प्रश्न :
१९८२ च्या नियमांत प्रेषकाची ओळख पटविण्याची तरतूद नव्हती. त्याचा गैरफायदा घेऊन स्पॅम फोफावले आणि पुढे तीन उपाय रूढ झाले. 'एसपीएफ'मुळे डोमेनच्या वतीने कोणता सर्व्हर पत्र पाठवू शकतो हे जाहीर होते. 'डीकेआयएम' पत्रावर सांकेतिक स्वाक्षरी करते. तर तपासणीत नापास झालेल्या पत्राचे काय करावे हे 'डीमार्क' सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी अशा प्रमाणीकरणाविषयीचे निकष कडक केले आहेत.

घरगुती जोडणीचा आयपी पत्ता बहुधा बदलता किंवा सामाईक असतो आणि अशा पत्त्यावरून आलेली पत्रे मोठ्या सेवा सहसा नाकारतात. म्हणून चालक जठारपेठेत असले, तरी सर्व्हर भाड्याने घेऊन डेटा सेंटरमध्ये ठेवणे इष्ट ठरते. त्यानंतरही धोका उरतोच. एका वापरकर्त्याचा पासवर्ड चोरीस जाऊन त्याच्या खात्यातून स्पॅम सुटले, तर संपूर्ण सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि इतर निर्दोष वापरकर्त्यांची पत्रेही अडतात.

मनुष्यबळ आणि कायदा :
स्वयंसेवकाची नोकरी बदलते, घरी आजारपण येते. पत्रे मात्र येतच राहतात. सर्व पासवर्ड एकाच व्यक्तीकडे असतील, तर तिच्या अनुपस्थितीत सेवा ठप्प होते. किमान दोन जाणकार, लेखी कार्यपुस्तिका आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली व अधूनमधून उघडून तपासलेली राखीव प्रत, या तीन गोष्टी अनिवार्य मानाव्यात. शिवाय 'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवादात्यांनी सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळविणे आणि नोंदी १८० दिवस जतन करणे आवश्यक आहे. सेवा विनामूल्य आहे, म्हणून वापरकर्त्यांप्रति असलेले उत्तरदायित्व कमी होत नाही.

समारोप :
यंत्र व प्रणाली मिळविणे हा या कार्यातील सोपा भाग आहे. सातत्य आणि पत राखणे हा कठीण भाग होय. म्हणून महाविद्यालयाने प्रथम स्वत:च्या मालकीच्या डोमेनवरील पत्ते वापरावेत. सेवादाता बदलला तरी असे पत्ते कायम राहतात. स्वयंसेवी सेवा प्रारंभी माजी विद्यार्थ्यांचे मंडळ, अभ्यासगट किंवा संगणकशास्त्राचे प्रात्यक्षिक यांपुरती ठेवावी. एखाद्या विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र वा शिष्यवृत्तीची सूचना तिच्यावर सोपविण्यापूर्वी एकच कसोटी लावावी : मुख्य चालक महिनाभर उपलब्ध नसला, तरी ते पत्र पोहोचेल काय?