सर्वांत मोठ्या रात्रीची सजावट

डिसेंबरची २१ किंवा २२ तारीख आपल्या घरांत कधी येते आणि कधी जाते, हे सहसा कुणाच्या ध्यानातही येत नाही. वास्तविक त्या दिवशी सूर्याची दक्षिणेकडची वाटचाल संपते आणि उत्तरायणास आरंभ होतो. वर्षातील सर्वांत लहान दिवस आणि सर्वांत मोठी रात्र ती हीच. जगातील कितीतरी घरांतून ही रात्र हौसेने सजवली जाते. ती सजावट कशाची असते आणि तशीच का असते, हे समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या उदासीनतेचे कारण भूगोलात आहे. पुण्यास लहानात लहान दिवस सुमारे ११ तासांचा, तर मोठ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. एवढा फरक अंगवळणी पडून जातो. लंडनला मात्र या दिवशी सूर्य ८ तासही दिसत नाही. स्टॉकहोमला तर जेमतेम ६ तास. शेते ओस, झाडे निष्पर्ण आणि दुपारीच दिवेलागण! अशा मुलखात सूर्य परतू लागणे हा केवढा दिलासा वाटत असेल!

म्हणूनच त्या लोकांनी घरात आणले ते अशा काळातही हिरवे राहणारे. फरची फांदी, आयव्हीचा वेल, हॉलीची काटेरी पाने. हॉलीचे पान जाड व मेणचट असते. त्यातून पाणी फारसे उडून जात नाही, त्यामुळे थंडीतही ते गळत नाही. शिवाय तिची लालभडक फळे नेमकी याच दिवसांत दिसतात. मिसलटो तर आपल्याकडील बांडगुळाच्याच जातकुळीतले. यजमान वृक्षाची पाने झडली की त्याचा हिरवा झुबका उठून दिसतो. आपण ज्याचे नाव शिवीसारखे वापरतो, ते तिकडे कौतुकाने दारावर टांगतात! प्राचीन रोममध्ये १७ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या सॅटर्नेलिया उत्सवात मेणबत्त्या भेट देत असत. पुढे पाने आणि दिवे, दोन्ही नाताळच्या सजावटीत येऊन बसले.

इराणात हीच रात्र ‘यल्दा’ म्हणून पाळतात. वडीलधाऱ्यांच्या घरी सारे कुटुंब जमते. पसरलेल्या वस्त्रावर डाळिंबे, सुकामेवा आणि उन्हाळ्यापासून जपून ठेवलेले कलिंगड मांडतात. हा लाल रंग उगवतीचा. हाफिजचे काव्य उघडून शकुन पाहतात. २०२२ मध्ये युनेस्कोने ही प्रथा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. जपानात त्या दिवशी न्हाणीच्या ऊन पाण्यात युझू नावाची सुगंधी लिंबे सोडतात आणि भोपळा खातात.

या साऱ्यांत एक सूत्र आहे. आपल्या मातीत त्या आठवड्यात जे टिकून आहे, किंवा त्या आठवड्यासाठी जे राखून ठेवले आहे, तेच प्रत्येकाने घरात मांडले. मग आपण काय मांडले? त्याचे उत्तर सुगडात आहे. संक्रांतीच्या सुगडात ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, बोरे, गाजर आणि तीळगूळ असतात. त्यातली एकही वस्तू बाहेरगावची नाही.

येथे कुणी विचारील की, संक्रांत तर १४ किंवा १५ जानेवारीला येते; तिचा अयनाशी संबंध काय? संबंध होता. सुमारे १७०० वर्षांपूर्वी सूर्याचा मकर राशीतील प्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास होत असे. परंतु पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे संथपणे डुलतो, त्यामुळे दर ७२ वर्षांस सुमारे एका अंशाचे अंतर पडते. आज ते २४ अंशांच्या घरात गेले आहे. आकाशातला दिवस मागे राहिला आणि सण पुढे सरकला. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौष महिना २२ डिसेंबरला सुरू होतो, तो आकाशाशी हा मेळ राखूनच.

म्हणून संक्रांत मागे ओढावी, असे मुळीच नाही. २२ डिसेंबरला बहुतेक शेतांत गव्हाची ओंबी धरलेलीच नसते; सुगड जानेवारीतच शोभते. पण या मागे राहिलेल्या दिवसालाही घरात एक कोपरा द्यायला काय हरकत आहे? त्यासाठी कापसाचा बर्फ आणि प्लास्टिकची हॉली विकत आणायचे कारण नाही. तांब्यात तुरीच्या हिरव्या शेंगांची एक डहाळी, शेजारी हुरड्याचे कणीस, शेंड्यासकट उसाचे दांडके, मूठभर आवळे, बोरे आणि शेवंतीची फुले एवढे पुरे. काळोख पडताच जवळ एक पणती लावावी. दुसऱ्या दिवशी यातले बरेचसे खाता येते आणि उरलेले गाईगुरांपुढे टाकता येते.

आणखी एक गोष्ट करून पाहण्याजोगी आहे. अंगणात किंवा गच्चीवर एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करावी. पुण्याकडे त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली सुमारे ९० सेंटीमीटर भरते. माध्यान्हीची याहून लांब सावली वर्षभरात पडत नाही. सावलीच्या टोकाशी रांगोळीचा एक ठिपका द्यावा. पहिले काही दिवस फरक कळणारही नाही. पण संक्रांतीला त्याच वेळी पाहिले, तर सावली ठिपक्यापासून चांगली तीनचार बोटे मागे हटलेली आढळेल. उत्तरायण म्हणजे काय, हे त्या चार बोटांत घरातल्या लहान मुलालाही समजेल.