घरच्या चित्रफितींचे ग्रंथालय : थोड्या खर्चात



ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे उभी राहतात. परंतु आपल्या गावातील निम्म्याअधिक घरांत आणखी एक ग्रंथालय आहे आणि ते वर्षानुवर्षे कोणी उघडलेले नाही. ते माळ्यावर असते, पत्र्याच्या ट्रंकेत असते, नाहीतर जुन्या गोधड्यांखाली असते. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले, त्याच्या मागोमाग व्हीसीआर आला, आणि पुढील वीसएक वर्षांत लग्न, मुंज, एकसष्टी, मुक्ताईच्या पालखीचे प्रस्थान, कामगारांचा मोर्चा यांपैकी जे जे कोणी टिपून ठेवले ते काळ्या डबीतील फितीवर उतरले. त्यानंतर व्हीसीडी आली, डीव्हीडी आली, शेवटी मोबाइल आला. या सर्वांचे मिळून एक व्यवस्थित, घरच्या दूरदर्शनसंचावर पाहता येईल असे संग्रहालय अल्प खर्चात कसे उभारावे, हा आजचा विषय.

हा विषय श्रीमंतांचा छंद आहे असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी तरी काय राखले ते पाहा. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तो प्रसंग टिपला. कथा नाही, नट नाहीत. घडले ते घडले तसे. म्हणजे आपल्या घरगुती चित्रफितींचे मूळपुरुष सावेदादाच होत. त्या चित्रफिती आज पाहावयास मिळत नाहीत. १९१३ च्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे होती. त्यांतील पहिले व शेवटचे तेवढे उरले, आणि तेही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीचे असावे असे काही अभ्यासक म्हणतात. १९३१ चा ‘आलम आरा’, हिंदुस्थानचा पहिला बोलपट, समूळ नाहीसा झाला. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या दारूची सख्खी बहीण, ठिणगी पुरे. शिवाय फितीत चांदी असे, म्हणून जुनी रिळे वितळवून चांदी काढण्याचा धंदाच होता. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर ५१ वर्षांनी. पी. के. नायर यांनी तेथे आयुष्य वेचून जे सापडेल ते गोळा केले म्हणून एवढे तरी उरले. त्या संग्रहालयालाही जानेवारी २००३ मध्ये आग लागून नायट्रेटच्या फिती जळाल्या.

तेव्हा विचार करा. पडद्यावर नाव झळकलेल्यांची ही गत, तर हतनूर धरणाच्या फुगवट्यात गेलेल्या शिवारांची, बंद पडलेल्या गिरण्यांच्या गेटवरील सभांची, तुमच्या आजीच्या ओव्यांची फीत कोणते सरकारी संग्रहालय जपणार आहे? ते काम घरातच व्हावयास पाहिजे.

आता शत्रू कोण ते समजून घेऊ. व्हीएचएसची फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर लोखंडाच्या गंजासारखी बारीक भुकटी डिंकासारख्या द्रव्याने चिकटविलेली असते, आणि या भुकटीच्या कणांच्या चुंबकत्वात चित्र साठविलेले असते. डिंक सुटला की चित्र गेले. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहूनही वर जातो. पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. उन्हाने डिंक सुटतो, ओलीने बुरशी चढते. म्हणून पहिले काम फुकटातले आहे: आजच घरी जाऊन कॅसेटी माळ्यावरून खाली आणा आणि घरातील सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, लाउडस्पीकरपासून दूर, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. काही जण त्या फ्रिजमध्ये ठेवतात. तसे करू नये. बाहेर काढताच त्यांवर पाणी सुटते.

दुसरा शत्रू याहून मोठा आहे. फीत शाबूत असली तरी ती वाचणारे यंत्र पाहिजे. हे यंत्र बनविणारी जपानमधील शेवटची कंपनी फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. तेव्हापासून जगात जेवढे व्हीसीआर आहेत तेवढेच आहेत आणि ते रोज कमी होत आहेत. ते दुरुस्त करणारा कारागीरही म्हातारा होत चालला आहे. भुसावळ-जळगावला असा एखादा हात अजून सापडतो; तो आहे तोवर काम उरकावे.

येथे संघटनेचा प्रश्न येतो, आणि तो माझ्या हातखंड्याचा असल्यामुळे जरा थांबतो. एका घराला व्हीसीआर परवडणार नाही आणि चार कॅसेटींसाठी तो घेणे शहाणपणाचेही नाही. पण दहा घरे एकत्र आली तर? जुना व्हीसीआर विकत घेऊन दुरुस्त करविण्यास पाचएक हजार रुपये धरा. व्हीसीआरचे चित्र संगणकात उतरविणारी यूएसबीची छोटी डबी हजार-दीड हजारात मिळते. एक टेराबाइटच्या दोन हार्डडिस्कना दहा-बारा हजार. संगणक कोणाच्या तरी मुलाचा असतोच. बेरीज साडेअठरा हजारांच्या आत-बाहेर, म्हणजे घरटी दोन हजारांहून कमी. भिशी चालविणाऱ्या आपल्या बायकांना हा हिशेब मी समजावून सांगण्याची गरज नाही.

एवढ्या जागेत मावेल काय? मोजून पाहा. व्हीएचएसचे चित्र मुळात फारसे बारीक नसतेच. सेकंदाला चार मेगाबिट या हिशेबाने ते एमपी-४ प्रकारात ठेवले तर तासाला १.८ गिगाबाइट जागा लागते. घरटी चार, अशा चाळीस कॅसेटी, प्रत्येकी तीन तासांच्या. एकूण १२० तास. म्हणजे २१६ गिगाबाइट. एका डिस्कचा पावभागही भरत नाही. दुकानदार महागडी डिस्क गळ्यात मारू लागला तर हे गणित त्याच्यापुढे ठेवा.

कृती अशी. फीत वाजविण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालूच नये. ती यंत्राचे तोंड बिघडवील आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला रोग लावील. अशा कॅसेटी बाजूला काढून कारागिराकडे द्याव्यात. यंत्राचे तोंड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ चामड्याच्या तुकड्याने पुसावे, कापसाने नव्हे. कापसाचा धागा अडकतो. पिवळी वायर चित्राची, पांढरी व तांबडी आवाजाची. संगणकावर ओबीएस नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो, त्यात नोंद सुरू करावी. तीन तासांच्या फितीला तीन तास लागणार; येथे ओव्हरटाइम देऊनही काम लवकर होत नाही. व्हीसीडी-डीव्हीडीचे काम त्या मानाने सोपे, तबकडीवरील फाइली जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. कोणाकडे आठ मिलिमीटरची फिल्म निघाली आणि तिला शिरक्यासारखा आंबट वास येत असेल तर ती कुजू लागली आहे असे समजावे. जुन्या प्रोजेक्टरवर न चढविता ती शहरातील प्रयोगशाळेत द्यावी.

आधी काय घ्यावयाचे? जे जगात दुसरीकडे कोठेच नाही ते. ‘शोले’ची कॅसेट राहू द्या; ‘शोले’ला सांभाळणारे पुष्कळ आहेत. आमच्या कचेरीतील लोखंडी कपाटात धरणे-आंदोलनाच्या फिती होत्या. त्या आम्ही सर्वांत आधी उतरविल्या, कारण त्यांची दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती.

फाइलीचे नाव वर्ष, महिना, तारीख या क्रमाने ठेवावे: ‘१९९४-०५-१२ थोरलीचे लग्न’. मग संगणक आपोआप कालक्रम लावतो. पण खरे काम याच्या पुढे आहे आणि लोक नेमके तेच टाळतात. चित्र वाचले, पण त्यातील माणूस कोण हे सांगणारे गेले, तर उरते काय? फेटा बांधलेला एक अनोळखी गृहस्थ. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना संचापुढे बसवावे, फीत लावावी आणि शेजारी मोबाइलवर त्यांचे बोलणे टिपून घ्यावे. हा कोण, तो कोणाचा मेहुणा, हे घर आता कोठे आहे, त्या वर्षी कापसाला भाव काय होता. अहिराणी किंवा लेवा बोलीत बोलू द्यावे, शुद्ध भाषेचा आग्रह धरू नये. तो आवाज त्याच नावाने चित्राशेजारी ठेवावा. या कामाला एक पैसा लागत नाही आणि ते पुढे ढकलण्यासारखे नाही.

पाहण्याची सोय फार स्वस्तात होते. जुना लॅपटॉप, घरातील वायफाय आणि जेलीफिन किंवा कोडी हा फुकट कार्यक्रम, एवढ्यावर घरातील प्रत्येक संचावर व मोबाइलवर आपले ग्रंथालय दिसते. बाहेरच्या इंटरनेटची गरज नाही, महिन्याची वर्गणी नाही. फुकट म्हणजे हलके असे मात्र समजू नका. व्हीएलसी हा सर्व प्रकारच्या फिती वाजविणारा कार्यक्रम १९९६ साली पॅरिसजवळच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुरू केला, २००१ साली तो सर्वांना खुला केला आणि जगभरच्या लोकांनी तो सुधारीत नेला. श्रम एकत्र केले की काय होते याचे इतके रोकडे उदाहरण मला आमच्या चळवळीतही क्वचित सापडते.

आता कायद्याच्या दोन गोष्टी, कारण लोक तेथे विनाकारण भितात, किंवा विनाकारण भीत नाहीत. लग्नाची फीत कोणाची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की, पैसे देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून चित्रपट काढला, तर उलट करार नसेल तेव्हा त्याचा पहिला मालक काढवून घेणारा असतो. तेव्हा ‘मूळ फीत आमची’ म्हणून कोणी स्टुडिओवाला अडवू लागला तर त्याला हे कलम दाखवावे. दुसरी गोष्ट बाजारातील चित्रपटांची. चित्रपटावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो. प्रभातचा १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’, ज्यात आपली मुक्ताई आहे, त्याची मुदत केव्हाच संपली. त्यातील गीतांचे हक्क मात्र निराळे मोजले जातात. नवे चित्रपट चोरून उतरवून ग्रंथालय फुगवू नये. पडद्यामागे दिवे धरणाऱ्यालाही रोजगार त्याच तिकिटातून मिळतो.

मोर्चाच्या व संपाच्या फितींबाबत एक सावधगिरी. त्या जपाव्यात, पण सर्व जगाला दिसतील अशा टाकू नयेत. त्यात चेहरे आहेत. कंत्राटी कामगाराचे नाव काळ्या यादीत जाण्यास एक चेहरा पुरतो, आणि आता चेहरा ओळखणारी यंत्रे आली आहेत. ज्यांचे चेहरे आहेत त्यांना विचारावे, मगच दाखवावे.

शेवटी प्रतींचा प्रश्न. हार्डडिस्क मरते, केव्हा, एवढाच प्रश्न असतो. म्हणून तीन प्रती: एक संगणकात, एक कपाटात आणि एक दुसऱ्या गावी. पेनड्राइव्हवर विसंबू नये. दुसऱ्या गावची प्रत सासरी गेलेल्या लेकीकडे द्यावी. ती आखाजीला माहेरी येते तेव्हा डिस्क बरोबर आणील, वर्षभरातील नवे चित्रण तिच्यावर चढेल, जुन्या फाइली उघडतात की नाही ते पाहता येईल, आणि परत जाताना सांजोऱ्यांच्या डब्याबरोबर ती डिस्कही जाईल. मूळ कॅसेटी मात्र, प्रती झाल्या म्हणून, भंगारवाल्यास देऊ नयेत. उद्या याहून चांगले यंत्र कोणी काढले तर त्याला मूळ फीतच लागेल.