नोंदीतून अध्यापनाकडे

विद्यार्थी-माहितीचे विश्लेषण म्हणजे हजेरी, चाचणीतील उत्तरे व प्रगतीच्या नोंदी एकत्र तपासून, कोणाला काय शिकवायचे राहिले हे ठरवणे होय. २०१५ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या ‘सरल’ या संगणकीय प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद होते. साखर कारखान्यांच्या बारामती व इंदापूर तालुक्यांत, जिथे गाळप हंगामात ऊसतोड मजुरांसोबत त्यांची मुलेही फडावर येतात, तिथे अशा नोंदींचे मोल विशेष आहे, कारण नव्या शाळेला मुलाचे आधीचे शिक्षण कळणे आवश्यक असते. मात्र एकूण गुण पुरेसे नसतात: हातच्याची वजाबाकी बहुतेकांची चुकली, तर ती सर्व वर्गाला पुन्हा शिकवावी लागते, आणि मोजक्यांचीच चुकली, तर त्यांचा वेगळा गट करून शिक्षकाने त्यांच्याजवळ बसणे हिताचे ठरते.